मोबाइल अ‍ॅप पेनटेस्टिंग शिकायचंय? टूल नंतर, आधी अ‍ॅप वाचायला शिक

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, वेब सिक्युरिटीचा एक ऑनलाइन कोर्स झालाय, बर्प (ट्रॅफिक पकडणारं टूल) आणि एनमॅप (नेटवर्क स्कॅनर) चालवता येतं, आणि आता मोबाइल अ‍ॅप पेनटेस्टिंग (परवानगी घेऊन अ‍ॅपमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणं) शिकून बग बाउंटी (कंपनीला त्रुटी कळवून बक्षीस मिळवणं) करायचीय, तर आयफोन घ्यावा लागेल का, कुठला महागडा कोर्स लावू, आणि नोकरी न करता नुसत्या बाउंटीवर भागेल का. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, दिवसा क्लायंटची अ‍ॅप्स टेस्ट करणं आणि वेळ मिळेल तशी बाउंटी, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, शांतपणे वाच.

आयफोन आत्ता नको. महागडा कोर्सही आत्ता नको. नोकरी मात्र हवी, का ते पुढे सांगतो.

सगळ्यात आधी स्वतः एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप बनव. हे फार कमी जण करतात आणि मग त्यांचं घोडं पुढे इथंच पेंड खातं. कोटलिनमध्ये दोन-तीन स्क्रीनचं, एक लॉगिन, सर्व्हरला जाणारी एक रिक्वेस्ट, मिळालेलं टोकन (लॉगिनची ओळखचिठ्ठी) फोनमध्ये सेव्ह करायचं, एका वेबव्ह्यूमध्ये (अ‍ॅपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये) एखादं पान उघडायचं, आणि एक डीप लिंक, म्हणजे मेसेजमधल्या लिंकवर टॅप केलं की थेट तुझ्या अ‍ॅपची आतली स्क्रीन उघडली पाहिजे. दिसायला कसंही असू दे. हे करताना मॅनिफेस्ट फाइल (अ‍ॅपच्या भागांची आणि परवानग्यांची यादी) काय असते, अ‍ॅक्टिव्हिटी, सर्व्हिस, रिसीव्हर आणि कंटेंट प्रोव्हायडर हे चार भाग एकमेकांशी कसे बोलतात (पहिले तीन इंटेंटनं, म्हणजे अँड्रॉइडच्या आतल्या निरोपानं, आणि प्रोव्हायडरशी कंटेंट रिझॉल्व्हरमधून), त्यातला कुठला भाग दुसऱ्या अ‍ॅप्सना उघडा आहे आणि कुठला नाही, हे सगळं तुझ्या हाताखालून जातं. मग तीच एपीके (अ‍ॅपची इन्स्टॉल फाइल) जॅडएक्समध्ये (अशा फाइलमधून परत कोड काढणाऱ्या टूलमध्ये) उघड, तूच लिहिलेला कोड डिकंपाइल झाल्यावर कसा दिसतो ते बघ, रिलीज बिल्डमध्ये आर८ (कोड आटोपशीर करणारं टूल) चालू केल्यावर क्लासची नावं कशी नुसती ए, बी, सी होऊन जातात ते बघ. एवढं केलंस की दुसऱ्याचं अ‍ॅप उघडल्यावर कुठून वाचायला सुरुवात करायची ते कळतं, आणि या कामातलं खरं कौशल्य हेच आहे, कोड वाचता येणं. एमओबीएसएफ या आपोआप तपासणी करणाऱ्या टूलमध्ये एपीके टाकून रिपोर्ट काढणं पाच मिनिटांचं काम आहे, ते टूल चांगलंच आहे, मी रोज वापरतो, पण त्यानं लाल रंगात दाखवलेल्या गोष्टींपैकी खरी कुठली आणि फुकाची कुठली हे त्याला कळत नाही, ते तुला कळायला हवं.

लॅबबद्दल. ८ जीबीत अँड्रॉइड स्टुडिओ, इम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) आणि बर्प एकदम चालवलंस तर मशीन रडणार, म्हणून स्टुडिओ बंद ठेवून इम्युलेटर नुसता कमांड लाइनवरून चालू कर, तेवढं जमतं. इम्युलेटरची इमेज निवडताना एक गोष्ट लक्षात ठेव, "गूगल प्ले" लिहिलेल्या इमेजवर एडीबी रूट (लॅपटॉपवरून फोनचा पूर्ण ताबा देणारी कमांड) चालत नाही, "गूगल एपीआय" लिहिलेल्या इमेजवर चालतं, नवीन पोरांचा निम्मा वेळ इथंच जातो. त्यापेक्षा सेकंडहँड फोन मिळाला तर उत्तम, पण घेण्याआधी त्या मॉडेलचा बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक होतो का ते नक्की बघ, सगळ्या कंपन्या तो करू देत नाहीत. मग मॅजिस्क या टूलनं रूट कर, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घे. आणि स्वतःचा रोजचा फोन, ज्यावर यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स आहेत, तो कृपा करून रूट करू नकोस, बूटलोडर अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो आणि नंतर बँकेची अ‍ॅप्स उघडतीलच असं नाही.

आता ट्रॅफिक पकडणं, म्हणजे अ‍ॅप आणि सर्व्हरमधलं बोलणं बर्पमधून बघणं. वेबमध्ये बर्पचं सर्टिफिकेट ब्राउझरमध्ये टाकलं की झालं, इथं तसं नाही. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, अ‍ॅप्स युजरनं टाकलेल्या सर्टिफिकेटवर आपोआप विश्वास ठेवत नाहीत, डेव्हलपरनं नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये तशी परवानगी दिली असेल तरच. म्हणून रूट करून सर्टिफिकेट सिस्टीमच्या फोल्डरमध्ये टाकावं लागतं. अँड्रॉइड १४ मध्ये ती सिस्टीम सर्टिफिकेट्स एका वेगळ्या एपेक्स मॉड्यूलमध्ये गेली, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधली पद्धत तिथं चालत नाही आणि पोरं समजतात आपलंच काहीतरी चुकतंय. शिकताना सरळ अँड्रॉइड ११ किंवा १२ ची इमेज घे, हा ताप नंतर बघू. फेसबुक आणि इन्स्टाग्रामनं २०१९ मध्ये रिसर्चरसाठी अ‍ॅपमध्येच व्हाइटहॅट सेटिंग्ज दिली, ती चालू केली की आपलं सर्टिफिकेट चालतं, सगळ्या कंपन्यांनी असं करावं असं मला मनापासून वाटतं, निम्मी डोकेदुखी वाचेल.

सर्टिफिकेट टाकूनही ट्रॅफिक दिसत नसेल तर लगेच नेटवरून पिनिंग (अ‍ॅपनं ठरावीक सर्टिफिकेटच मानणं) बायपास करायच्या दहा स्क्रिप्ट आणून एकामागून एक चालवत बसू नकोस. आधी अ‍ॅप कशात बनवलंय ते बघ. एपीके म्हणजे शेवटी झिप फाइलच, उघड आणि आत डोकाव. लिब फोल्डरमध्ये लिबफ्लटर नावाची फाइल दिसली तर अ‍ॅप फ्लटरचं आहे, आणि फ्लटर फोनमधली प्रॉक्सी सेटिंग (ट्रॅफिक बर्पकडे वळवणारी) मानत नाही, टीएलएससाठी (एन्क्रिप्टेड जोडणीसाठी) स्वतःच्या पोटातली बोरिंगएसएसएल लायब्ररी वापरतं, म्हणून जावाच्या फंक्शनवर लावलेले हुक (चालू कोडमध्ये मधेच घुसवलेला आपला कोड) तिथं काहीच करत नाहीत, त्यासाठी रीफ्लटरसारखं टूल वापर किंवा नेटिव्ह लायब्ररीतलं सर्टिफिकेट तपासणारं फंक्शन शोधून तिथं फ्रिडा (असे हुक लावायचं टूल) लाव. असेट्समध्ये इंडेक्स डॉट अँड्रॉइड डॉट बंडल दिसलं तर रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, सगळं लॉजिक त्या जावास्क्रिप्टमध्ये, जॅडएक्समध्ये जावा वाचून हाती काही लागणार नाही, आणि ०.७० व्हर्जनपासून तिथं हर्मीस हे जावास्क्रिप्ट इंजिन डीफॉल्ट झालं त्यामुळे ती फाइल बहुतेक वेळा बाइटकोड (माणसाला थेट वाचता न येणारा कोड) असते, ती वाचायला वेगळा डिसअसेंबलर लागतो. फ्रिडाबद्दल एवढंच सांगतो, लॅपटॉपवरची आणि फोनवरच्या सर्व्हरची व्हर्जन एकच ठेव, आणि १७ व्या व्हर्जननंतर नेटवरच्या बऱ्याच जुन्या स्क्रिप्ट एरर देतात कारण जुनी फंक्शन्स काढून टाकलीत, तेव्हा एरर वाच आणि स्क्रिप्ट दुरुस्त कर. ऑब्जेक्शन हे फ्रिडावर बांधलेलं तयार टूल सोपं आहे, पण फ्रिडाचा स्वतःचा एक हुक लिहिता आल्याशिवाय त्याची सवय लावून घेऊ नकोस.

सरावाला फुकट माल भरपूर आहे. आपल्या पुण्याच्या पयाटू कंपनीनं काढलेलं डिवा (सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं अ‍ॅप) जुनं झालंय, पण मुळाक्षरं गिरवायला अजूनही चांगलं, दोन दिवसांत संपव. मग इंज्युअर्ड अँड्रॉइड, मग ओव्हरसिक्युअर्डचं ओव्हीएए, हे माझं आवडतं कारण त्यातले बग खऱ्या अ‍ॅप्समध्ये सापडणाऱ्या बगच्या सगळ्यात जवळचे आहेत. ओवॅस्प या सुरक्षा संस्थेचे क्रॅकमी (फोडून बघायची कोडी) रिव्हर्सिंगसाठी, म्हणजे तयार अ‍ॅप उलगडून वाचायच्या सरावासाठी. हॅकर१०१ च्या सीटीएफमध्येही (हॅकिंगच्या कोड्यांच्या स्पर्धेत) अँड्रॉइडचे प्रश्न आहेत. उत्तर बघून सोडवलंस तर सगळं पालथ्या घड्यावर पाणी, दोन-दोन दिवस अडकलास तरी चालेल. ओवॅस्पचं मॅस्टीजी हे टेस्टिंग गाइड कायम उघडं ठेव, सलग वाचायचं पुस्तक नाही ते, गरज पडेल तसं चाळायचं. आणि याच्या जोडीला बर्प बनवणाऱ्या पोर्टस्विगरच्या अ‍ॅकॅडमीतले अ‍ॅक्सेस कंट्रोल, ऑथेंटिकेशन, ओऑथ (दुसऱ्या साइटच्या अकाउंटनं लॉगिन) आणि रेस कंडिशनचे (एकाच वेळी आलेल्या रिक्वेस्टच्या घोळाचे) लॅब पूर्ण कर, तेही फुकट आहेत.

मोबाइल शिकताना वेबचे लॅब कशाला? तर बघ, मोबाइल प्रोग्रामवर पैसे मिळवून देणारे बग माझ्या अनुभवात दोनच ठिकाणी जास्त सापडतात, आणि पहिलं ठिकाण अ‍ॅपच्या मागचा सर्व्हर. वेबसाइटवर दिसत नाहीत असे एपीआय (सर्व्हरशी बोलायचे मार्ग) अ‍ॅपमध्ये असतात, जुन्या व्हर्जनचे एपीआय वर्षानुवर्षं चालू असतात कारण कुणाकुणाच्या फोनवर जुनं अ‍ॅप पडलेलं असतं, आणि नव्या एपीआयला लावलेली तपासणी जुन्याला लावायची राहून जाते. स्वतःची दोन अकाउंट उघड, एकाच्या टोकननं दुसऱ्याची ऑर्डर, पत्ता, बिल मागून बघ, प्रत्येक रिक्वेस्टला, कंटाळा न करता. लक्ष्मण मुथय्या या तमिळनाडूच्या रिसर्चरचं २०१९ मधलं इन्स्टाग्रामचं काम शोधून वाच. मोबाइलवरून पासवर्ड रिसेट करताना ६ आकडी कोड यायचा, १० मिनिटांची मुदत, म्हणजे एकूण १० लाख शक्यता. रेट लिमिट, म्हणजे किती वेळा प्रयत्न करता येतील याची मर्यादा, होतंच. बहुतेक जणांनी तिथं सोडून दिलं असतं, यानं त्या लिमिटचं वागणं नीट मोजलं, अनेक आयपीवरून एकाच वेळी रिक्वेस्ट पाठवल्या तर कितीतरी आत जातात हे दाखवून दिलं, आणि त्याला ३०,००० डॉलर मिळाले. त्यात कुठलंही महागडं टूल नव्हतं, एक छोटी गोष्ट शेवटपर्यंत तपासली होती.

दुसरं ठिकाण म्हणजे अ‍ॅपचे बाहेरून उघडे दरवाजे, डीप लिंक, एक्सपोर्टेड (दुसऱ्या अ‍ॅप्सना उघडी) अ‍ॅक्टिव्हिटी, प्रोव्हायडर आणि वेबव्ह्यू, आणि इथं तुझं कोड वाचणं कामाला येतं. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या टीमनं टिकटॉकच्या अँड्रॉइड अ‍ॅपमधला एक बग जाहीर केला, एका लिंकवर क्लिक केलं की अकाउंट धोक्यात. साखळी अशी होती, की डीप लिंकमधून अ‍ॅपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये हवं ते पान उघडता येत होतं, आणि त्या वेबव्ह्यूला जावास्क्रिप्ट ब्रिज जोडलेला होता, म्हणजे हल्लेखोराच्या पानावरची जावास्क्रिप्ट अ‍ॅपच्या आतली ७० पेक्षा जास्त फंक्शन्स हाक मारू शकत होती. तू हेच कसं शोधशील? मॅनिफेस्टमध्ये ब्राउझेबल (लिंकवरून उघडता येणाऱ्या) असं लिहिलेल्या अ‍ॅक्टिव्हिटी काढ, प्रत्येकीत लिंकमधून आलेला डेटा कुठे जातो ते फंक्शन टू फंक्शन धरून चाल, शेवटी लोडयूआरएल (वेबव्ह्यूत पान उघडणारं फंक्शन) पर्यंत पोचलास तर मधे यूआरएल तपासलंय का आणि कसं तपासलंय ते बघ. समज कंपनीचं डोमेन दुकान डॉट कॉम आहे आणि कोडमध्ये होस्टच्या शेवटी "दुकान डॉट कॉम" आहे का एवढंच बघितलंय, मग "चोरदुकान डॉट कॉम" पण पास होतं, कारण मधला टिंब तपासलाच नाही. अशा चुका अजूनही मोठमोठ्या अ‍ॅप्समध्ये मिळतात. मग त्या वेबव्ह्यूला ब्रिज आहे का, टोकन हेडरमध्ये जातं का, हे बघितलं की इम्पॅक्ट (होणारं नुकसान) तयार.

प्रोव्हायडर आणि फाइल शेअरिंगचंही असंच. मायक्रोसॉफ्टनंच २०२४ मध्ये डर्टी स्ट्रीम नावानं एक पॅटर्न जाहीर केला, दुसऱ्या अ‍ॅपनं फाइल पाठवताना दिलेलं फाइलचं नाव जसंच्या तसं वापरलं तर ते आपल्या अ‍ॅपच्या खाजगी फोल्डरमधल्या फाइलवर जाऊन बसू शकतं, शाओमीचं फाइल मॅनेजर आणि डब्ल्यूपीएस ऑफिस दोन्हीत हे सापडलं होतं. तू अ‍ॅप उघडलंस की "शेअर" केल्यावर काय होतं तो कोड वाचायचाच, हे ठरवून टाक.

आता काय पाठवू नकोस ते. रूट डिटेक्शन नाही, पिनिंग नाही, कोड ऑबफस्केट (मुद्दाम वाचायला अवघड) केलेला नाही, बॅकअपचा फ्लॅग चालू आहे, रूट केलेल्या फोनवर शेअर्ड प्रेफरन्समध्ये (अ‍ॅपच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) टोकन दिसतं, गूगल मॅप्सची की कोडमध्ये सापडली, यातलं जवळपास सगळं बहुतेक बाउंटी प्रोग्राम्स स्कोपच्या (तपासायला परवानगी दिलेल्या कक्षेच्या) बाहेर ठेवतात. हॅकरवन या बाउंटी प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट नॉट अ‍ॅप्लिकेबल म्हणून बंद झाला की रेप्युटेशन कमी होतं, आणि सुरुवातीलाच ते घसरलं की चांगल्या प्रायव्हेट प्रोग्रामची आमंत्रणं येत नाहीत. पण गंमत बघ, याच गोष्टी नोकरीतल्या पेनटेस्टमध्ये रिपोर्टमध्ये लिहाव्याच लागतात. बँकेच्या अ‍ॅपची टेस्ट असेल तर क्लायंटला ओवॅस्पच्या मॅसव्हीएस या सुरक्षा निकषांच्या यादीतला प्रत्येक कंट्रोल तपासून हवा असतो, स्टोरेज, क्रिप्टो, नेटवर्क, रेझिलियन्स (छेडछाडीला तोंड देणं) सगळं. एकच कौशल्य, पण बाउंटीत नुकसान काय होतं ते दाखवायचं आणि पेनटेस्टमध्ये काहीही सुटलं नाही हे दाखवायचं, ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं केल्यानं पहिल्याची शिस्त लागते. मी नोकरी कर म्हणतो त्याचं हे एक कारण.

कायद्याचा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, हे मी कळकळीनं सांगतोय. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरलं तर आयटी अ‍ॅक्ट २००० च्या कलम ४३ खाली नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तो गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी चांगल्या हेतूनं केलं" हे पोलीस स्टेशनात समजावत बसायची वेळ यायला नको. ज्या कंपनीचा जाहीर प्रोग्राम आहे तिथंच, आणि त्यांनी लिहिलेल्या स्कोपमध्येच टेस्ट करायचं. गावातल्या पतसंस्थेचं अ‍ॅप, कॉलेजचं पोर्टल, प्रोग्राम नसलेली बँक, हात लावायचा नाही. साधं वापरताना काही चुकीचं दिसलंच तर पुढे खणू नकोस, कुणाचा डेटा उतरवून घेऊ नकोस, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडे कळव, तिथं यासाठी ठरलेली पद्धत आहे. आणि "बग सापडलाय, पैसे द्या मग सांगतो" असा मेल कधीही लिहू नकोस, तो सरळ खंडणीचा मामला होतो.

प्रोग्राम निवडताना जुने सल्ले तपासून घे. प्ले स्टोअरवरच्या लोकप्रिय अ‍ॅप्समधल्या बगसाठी गूगल स्वतः पैसे द्यायचं, तो प्रोग्राम ३१ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला, तरी नेटवर अजून तोच सल्ला फिरतोय. गूगलच्या स्वतःच्या अ‍ॅप्ससाठी २०२३ मध्ये वेगळा मोबाइल प्रोग्राम सुरू झाला. तुला मी म्हणेन तू रोज वापरतोस असं, प्रोग्राम असलेलं एक अ‍ॅप निवड आणि दोन-तीन महिने त्याच्याच मागे हात धुवून लाग. प्रत्येक नवीन व्हर्जनची एपीके जपून ठेव, जुनी आणि नवी जॅडएक्समधून काढून दोन्हींची तुलना कर, नवीन आलेली अ‍ॅक्टिव्हिटी, नवीन एपीआय, बदललेली तपासणी तिथं सगळ्यात आधी बघ, कारण नवा कोड कमी लोकांनी वाचलेला असतो आणि डुप्लिकेट (आधीच कुणीतरी कळवलेला बग) होण्याची शक्यता कमी.

रिपोर्ट लिहिताना हल्लेखोर कोण हे पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे. त्यानं लिंक पाठवलीय, की फोनवर एक साधं अ‍ॅप टाकलंय? एक्सपोर्टेड अ‍ॅक्टिव्हिटीचा बग नुसत्या एडीबी कमांडनं दाखवलास तर ट्रायजवाला (आलेले रिपोर्ट तपासणारा) प्रश्न विचारणारच, कारण एडीबी शेलकडे साध्या अ‍ॅपपेक्षा जास्त परवानग्या असतात. कुठलीही परवानगी न मागणारं एक छोटं अ‍ॅप बनव, एक बटण दाबलं की बग दिसेल असं, आणि त्याचा कोड जोड. डीप लिंक असेल तर एक एचटीएमएल पान. अ‍ॅपचं व्हर्जन, अँड्रॉइडचं व्हर्जन, फोन रूट आहे का नाही, हे स्पष्ट लिही. मराठी माध्यमातून आलेली बरीच पोरं इंग्रजीला घाबरून रिपोर्ट पाठवायचं टाळतात, मला याचं खरंच वाईट वाटतं. छोटी वाक्यं लिही, पायरी एक, पायरी दोन, काय व्हायला हवं होतं, काय झालं, बास. ट्रायज करणाऱ्याला बग पुन्हा करून बघता यायला हवा, भाषेचं सौंदर्य तो बघत नाही.

आयफोनचं राहिलं. चेकएम८ ही बूटरॉममधली (चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या सुरुवातीच्या कोडमधली) चूक २०१९ मध्ये बाहेर आली, आयफोन एक्सपर्यंतच्या चिपमध्ये ती आहे आणि अ‍ॅपलला अपडेट देऊन ती काढता येत नाही, म्हणून जेलब्रेकसाठी (आयफोनवर रूटसारखा ताबा मिळवण्यासाठी) लोक अजूनही आयफोन ८ किंवा एक्स सेकंडहँड घेतात. पण त्यावर आयओएस १६ च्या पुढे जाता येत नाही, आणि स्टोअरमधली अ‍ॅप्स एन्क्रिप्टेड असतात, ती आधी फोनवरून डिक्रिप्ट करून काढावी लागतात, ऑब्जेक्टिव्ह सी आणि स्विफ्टचं बायनरी वाचणं जॅडएक्सइतकं सोपंही नाही. मागचा एपीआय बहुतेक वेळा दोन्ही अ‍ॅप्सचा एकच असतो, म्हणजे तुझे सर्व्हरचे बग अँड्रॉइडवरून सापडतीलच. पहिल्या पगारातून घे, आत्ता घरच्यांकडे मागू नकोस.

आणि पैशाचं. बाउंटी महिन्याला ठरावीक येत नाही, एखाद्या वेळी मोठी रक्कम येते आणि मग कित्येक आठवडे नुसते डुप्लिकेट, घरभाडं आणि हप्ते त्यावर चालत नाहीत, आणि पैशाची घाई असलेला माणूस अर्धवट रिपोर्ट पाठवतो. पुण्या-मुंबईत अ‍ॅप टेस्टिंग करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत, नल या सुरक्षावाल्यांच्या कम्युनिटीच्या मीटला जात जा, त्या फुकट असतात, तिथं कामाची माणसं भेटतात, जमेल तेव्हा गोव्याच्या नलकॉन परिषदेलाही जाऊन ये. इंटरव्ह्यूला तुझं ते स्वतः बनवलेलं अ‍ॅप, ओव्हीएएचं स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं उत्तर आणि फ्रिडाच्या दोन-तीन स्क्रिप्ट गिटहबवर दाखव, सर्टिफिकेटपेक्षा मी तरी तेच आधी बघतो. परदेशी प्लॅटफॉर्मवरून पैसे येणार असतील तर अमेरिकन टॅक्सचा डब्ल्यू-८बीईएन फॉर्म भरावा लागतो, आणि ती कमाई आपल्याकडे करपात्र आहे, पहिली बाउंटी आली की एखाद्या सीएला भेट, रिटर्नमध्ये कुठे दाखवायची ते विचार आणि प्लॅटफॉर्मवरच्या पावत्या डाउनलोड करून ठेव.